बाईंच्या कॅमेऱ्यांचं घराणं

आमच्या घरमालकीण बाईंकडे नवा कॅमेरा आला की मला निळी साडी नेसावी लागे. सण नाही, वार नाही, कुणाचं लग्न नाही, आणि मी आपली सकाळच्या उन्हात लग्नातली येवल्याची निळी साडी नेसून, हातात रिकामं सूप धरून गच्चीवर पाण्याच्या टाकीशेजारी उभी. शेजारच्या सूनबाईंनी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्यांना वाटलं मी कसलं तरी व्रत धरलंय. त्यांनी दोन केळी आणून दिली. मी खाल्ली.

"हसू नकोस," बाई म्हणायच्या. "हसलीस की गाल बदलतात. मग मागच्या फोटोशी ताडून कसं बघायचं?"

मखमलाबाद नाक्याच्या पुढे बाईंचा बैठा बंगला होता. मागच्या दोन खोल्यांत आम्ही भाड्याने राहायचो. आमचे हे देवळाली कॅम्पच्या रूटवर बस चालवायचे, मी घरी ब्लाउज शिवायची. बाई मूळच्या सटाण्याच्या, नाशकात शाळेवर भूगोल शिकवून रिटायर झालेल्या. एकट्या राहायच्या. बोलणं एकदम शुद्ध, पुस्तकात छापल्यासारखं. पण राग आला की त्यांची भाषा सटाण्याची बस पकडायची. "हाई काय शे?" म्हणजे हे काय आहे, असं ऐकू आलं की आम्ही समजायचं, आज बाईंच्या वाटेला जायचं नाही.

रिटायर झाल्यावर बायका काशीला जातात, दात बसवतात, भिशी लावतात. बाईंनी कॅमेरा घेतला. आणि कसला कॅमेरा घ्यायचा यावर त्यांचं मत पक्कं होतं. गळ्यात लोढण्यासारखा लोंबणारा मोठा नको, आणि पर्समध्ये लिपस्टिकशेजारी बसणारा पोरखेळही नको. दोन्हीच्या मधला. हातात मावणारा, पण सगळे कान आपल्या हाताने पिळता येणारा. उजेड किती घ्यायचा, किती वेळ घ्यायचा, जवळचं स्पष्ट पाहिजे का लांबचं, हे त्याने नाही ठरवायचं, आपण ठरवायचं. एका कंपनीने असा एक काढला होता, आणि दोन-तीन वर्षांनी त्याचाच पुढचा, मग त्याच्याही पुढचा, असे काढत गेली. बाई त्या कंपनीला कंपनी म्हणत नसत. घराणं म्हणत. पहिला तो थोरला, मग दुसरा, तिसरा, आणि जो सगळ्यात नवा असेल तो शेंडेफळ. पुढचा आला की आधीच्याचं शेंडेफळपण जायचं, घरात होतं तसंच.

त्या घराण्याच्या गोष्टी मी ब्लाउजला हुक लावता लावता ऐकल्यात, म्हणून मला पाठ आहेत. थोरल्याच्या पाठीवरची काच दारासारखी उघडायची आणि हवी तशी वळायची. जमिनीवरच्या मुंगीचा फोटो काढायचा तर बाईंना आडवं पडावं लागायचं नाही. शिवाय डोळा लावून बघायला वर एक बारीक खिडकी. मग मधल्या एका भावात कंपनीने ते दारच काढून टाकलं. काच चिकटवूनच टाकली पाठीला. बाई आठवडाभर सटाण्याच्या भाषेत होत्या. पुढे दोन मॉडेलनंतर दार परत आलं, आणि खोक्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं, नवीन सोय.

"बघ," बाई म्हणाल्या, "आधी काढून घ्यायचं, मग तेच परत द्यायचं आणि वर नवीन म्हणायचं. आमच्या शिक्षणखात्याची माणसं तिथे कामाला गेली असतील."

आणखी एक गोष्ट ठिपक्यांची. फोटो म्हणे ठिपक्यांचा बनतो, आणि दरवेळी कंपनी ठिपके वाढवायची. एका मॉडेलमध्ये तर इतके वाढवले की संध्याकाळच्या फोटोत सगळीकडे रवा सांडल्यासारखं दिसायला लागलं. मला काही उमगेना. बाई म्हणाल्या, "अगं, कढई तेवढीच आणि पुऱ्या दुप्पट सोडल्या तर काय होईल?"

"एकही फुगायची नाही."

"तेच झालंय."

पुढच्या वेळी कंपनीने पुऱ्या कमी केल्या. बाई इतक्या खूश झाल्या की त्या दिवशी आमच्याकडे खरोखरच श्रीखंड-पुरी पाठवली. त्याच्यानंतरच्याला कढईच मोठी केली, तर तो अंगाने सुटला आणि त्याला जवळचं काही दिसेना. मुंगी तर सोडाच, बोराएवढं काही धरलं तरी धूसर. "याला चाळिशी लागली," म्हणून बाईंनी त्याला लांबच्या डोंगरांच्या कामाला लावलं.

कारण बाईंकडे एकही जुना कॅमेरा टाकला जात नसे, की विकला जात नसे. प्रत्येकाला काम नेमून दिलेलं. थोरला तेवढा पावसाळी ढगांसाठी, कारण त्याच्यासारखा करडा रंग पुढे कुणाला जमलाच नाही. दुसरा माती-दगडांचा. बाई एसटीने, जीपने सुरगाण्यापर्यंत जायच्या, नागलीच्या शेतातली लाल माती, भाताची खाचरं, ओढ्यातले गोटे असले फोटो काढून आणायच्या. मी म्हटलं, "बाई, एवढ्या लांब गेलात, एखाद्या माणसाचा तरी काढायचा." तर म्हणाल्या, "माणसं हलतात."

माणसांत मी एकटी. एकदा विचारलं त्यांना, मीच का. मला वाटलं होतं काहीतरी गोड बोलतील.

"परीक्षेला न बदलणारी वस्तू लागते," बाई म्हणाल्या. "साडी तीच, सूप तेच, टाकी तीच, तू तीच. मग जो फरक दिसेल तो कॅमेऱ्याचा."

आमचे हे हसून हसून खोकायला लागले. नंतर कितीतरी दिवस मला "न बदलणारी वस्तू, चहा टाक" म्हणायचे.

आता खंडेनवमीचं सांगते. त्या दिवशी ह्यांच्या बसला हार, माझ्या शिलाई मशीनला हार, आणि बाईंच्या पाटावर अख्खं घराणं थोरल्यापासून शेंडेफळापर्यंत ओळीने मांडलेलं. झेंडूची फुलं, हळद-कुंकू, निरांजन. आणि बाईंचा एक हट्ट, की पूजेच्या वेळी सगळे कॅमेरे चालू पाहिजेत. "झोपलेल्याची पूजा करतात का कुणी?" बटण दाबलं की एकेकाचं नळकांडं झूं करून बाहेर यायचं, जणू सगळे मान वर करून बघतायत. मोठं गोड दिसायचं.

एका वर्षी बाईंनी डोळे मिटून, मनापासून, मूठभर अक्षता उधळल्या. नमस्कार केला. मग एकेकाला झोपवायला लागल्या. त्यावेळचं शेंडेफळ आत जाता जाता कुर्रर्र करून अर्ध्यात अडकलं. ना आत ना बाहेर. काचेवर इंग्रजीत काहीतरी चूक झाल्याचं आलं. बाईंनी बटण दाबलं, परत कुर्रर्र.

मेन रोडला एक दुकानदार होता, सगळं घराणं त्याच्याकडूनच आलेलं. त्याने चार दिवसांनी कॅमेरा परत दिला आणि कागदाच्या पुडीत गुंडाळून एक तांदळाचा दाणा दिला. कुंकू लागलेला, लालचुटूक.

"बाई, पुढच्या वर्षी फुलंच वाहा फक्त."

पण बाईंना तेही पटेना, अक्षतांशिवाय पूजा कसली. मग पुढच्या खंडेनवमीपासून घराणं पारदर्शक प्लास्टिकच्या पिशव्यांत बसायला लागलं. चालू, मान वर केलेले, आणि वरून तडतड अक्षता. रेनकोट घातलेले देव मी तिथेच पाहिले, दुसरीकडे कुठे नाही.

हे सगळं असं मजेत चाललं होतं. मग फोन आले. सगळ्यांच्या हातात फोन, फोनात कॅमेरा. कंपनीने हळूहळू हात आखडता घेतला. दुकानदार म्हणाला, "बाई, हा घेऊन ठेवा, पुढचा येईल असं वाटत नाही." हा शेवटचा मात्र फार गुणी निघाला होता. मोठी कढई, बारीक अंग, दार होतंच, आणि मधे काढून घेतलेली ती डोळा लावायची खिडकीसुद्धा परत, आत छोटा टीव्ही असल्यासारखी. बाईंनी तो घेतला तेव्हा जवळच्या नात्यातलं शेवटचं लग्न लागल्यासारखा त्यांचा चेहरा होता. आनंद पण, आणि आता संपलं हे पण.

परीक्षा झाली. मी उभी राहिले, सूप धरलं. बाईंनी फोटो काढला, काच बघितली, परत काढला. कपाळावर आठी.

"हाई काय शे?"

मी मनात म्हटलं, आली सटाण्याची बस.

बाईंचं म्हणणं, शेंडेफळ पिवळं दाखवतंय. साडीचा निळा मेलाय, मळकट हिरवा झालाय. टाकीचा पांढरा रंग ताकासारखा. आणि सगळ्यावर तेलकट कागद धरल्यासारखं. मी काच बघितली. मला तर साडी छान निळी दिसली. पण माझ्या सातवीपर्यंतच्या शिक्षणात कॅमेरा हा विषय नव्हता, आणि बाई म्हणजे बाई.

परत दुसऱ्या दिवशी साडी. परत पिवळं. आठवड्यात तीनदा मी नेसले. शेवटी तर बाई मलाच म्हणाल्या, "तू ही कशात धुतलीस?"

"बाई, येवल्याची साडी आहे, मी धुते कशाला?"

त्याच दिवसांत आणखी एक झालं. बाई रविवार कारंजाकडे निघाल्या होत्या, मी त्यांना नमुन्याचं कापड देऊन निळ्या दोऱ्याचं रीळ आणायला सांगितलं. शाळेत नकाशे रंगवून घेणारी बाई ती. समुद्राच्या चार निळ्या छटा वेगळ्या ओळखायची. तिने हिरवं रीळ आणलं. मी ते डब्यात टाकलं आणि निळं दुसऱ्या दिवशी स्वतःच जाऊन आणलं.

शेवटी बाई उठल्या आणि मेन रोडला निघाल्या, तक्रार करायला. पुरावा म्हणून मला सोबत घेतलं आणि माझी साडी पिशवीत.

दुकानदाराने साडी काउंटरवर पसरली, फोटो काढला, काच फिरवून दाखवली. "आजी, मस्त निळा आलाय."

"आजी कुणाला म्हणतोस? आणि हा निळा?"

"मग काय आहे?"

"तुझ्या दुकानातल्या ट्यूबलाइटचा दोष आहे. बाहेर चल."

बाहेर म्हणजे मेन रोडच्या फुटपाथवर, भर बाजारात. मी साडीचं एक टोक धरलं, दुकानदाराने दुसरं. बाई मधे उभ्या, शेंडेफळ हातात. ये-जा करणारे थांबायला लागले. एक बाई भाजीची पिशवी घेऊन आली, काठ बोटांनी चाचपला, पदरावर विणलेले पोपट बघितले आणि मला विचारलं, "केवढ्याला दिली?"

"विकायची नाहीये हो."

"मग अशी का धरलीय?" आणि जाता जाता बाईंकडे वळून म्हणाली, "रंग काय सुंदर आहे नाही? असा निळा आता मिळत नाही."

बाई साडीकडे बघत राहिल्या. मग शेंडेफळाकडे. मग परत साडीकडे. कॅमेऱ्यातून नाही, नुसत्या डोळ्यांनी. उघड्या उन्हात, हातभर अंतरावर. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते आणि मला कळलं की त्यांनाही कळलं.

साडीची घडी मीच घातली. रिक्षात अशोक स्तंभ ओलांडेपर्यंत बाई शेंडेफळाचं दार उघडत होत्या, मिटत होत्या. घरी आल्यावर त्यांनी मऊ फडक्याने शेंडेफळ पुसलं आणि त्यालाच म्हणाल्या, "तुझं काही चुकलं नव्हतं बाबा."

मोतीबिंदू होता. दोन्ही डोळ्यांत. गोष्ट काही जगावेगळी नाही, आमच्या गल्लीत दर तिसऱ्या घरात झालाय. पण बाई ऑपरेशनला तयार होईनात. पहिल्यांदा म्हणाल्या, "मना डोया चांगला शेतस." डोळे चांगले आहेत म्हणे, आणि मिठाऐवजी साखर घातलेली आमटी माझ्यासमोर. मग मीच त्यांना धरून डॉक्टरीणबाईंकडे नेलं. तरुण होती, पण सोशिक. तिने समजावलं की आतली गढूळ झालेली लेन्स काढायची आणि स्वच्छ नवी बसवायची. लेन्स म्हटल्यावर बाई सरसावून बसल्या.

"झूम होते?"

"नाही आजी, एकच अंतर पक्कं असतं. लांबचं नीट दिसेल, जवळचं वाचायला चष्मा लागेल."

"म्हणजे सोय काढून घेतली."

"जी सोय राहिलेलीच नाही, ती कशी काढून घेऊ?"

बाईंना हे उत्तर आवडलं असावं, कारण त्या जरा नरमल्या. मग म्हणाल्या, "आणि आत अक्षता गेल्या तर?"

डॉक्टरीण माझ्याकडे बघायला लागली. मी म्हटलं, "नाही जाणार. तुम्ही पुढचं सांगा."

"महिनाभर धूळ, पाणी सांभाळायचं, बस."

"आणि जुन्या लेन्सचं काय करता?"

"काय करणार? ती जाते."

तिथे बिनसलं. बाई उठल्याच. बाहेर बाकावर येऊन बसल्या, पर्स घट्ट धरून. त्यांच्या बाजूने बघायला गेलं तर चूक काही नव्हतं. ज्या घरात नवा आला म्हणून जुना कधी टाकला नाही, तिथे ही डॉक्टरीण सरळ म्हणते, जाते.

"मी एकटी राहते," बाई हळूच म्हणाल्या. "कॅमेरा बिघडला तर दुकान आहे. हे बिघडलं तर? सटाण्याला भाचीकडे जाऊन खाटेवर बसायचं, आणि तिने सांगायचं, आत्या, बाहेर ढग आलेत." जरा थांबल्या. "मला ढग कुणी सांगितलेले नको आहेत."

मी इतकी वर्षं त्यांच्या मागच्या खोल्यांत राहिले, पण त्यांना भ्यालेलं पहिल्यांदाच बघितलं. त्यांची समजूत घालावी एवढं माझं शिक्षण नाही. पण ब्लाउज शिवणारणीला एक ठाऊक असतं, की गिऱ्हाईक अडलं तर आधी एक बाही शिवून दाखवावी.

"बाई," मी म्हटलं, "दोन आहेत ना? मग एकच करा. दुसरा राहू दे जुना. शेजारी शेजारी ठेवून फरक बघता येईल."

बाईंनी माझ्याकडे बघितलं. माझी वाक्यं त्यांनी शाळेतल्या पोरींच्या उत्तरासारखी मनात तपासली असतील. मग उठल्या, आत गेल्या आणि डॉक्टरणीला म्हणाल्या, "उजवा करा. डावा तुलनेसाठी ठेवायचाय."

ऑपरेशन नीट झालं. किती पटकन झालं म्हणून बाई उलट नाराजच होत्या. एवढ्या मोठ्या लेन्सबदलाला निदान चार दिवस तरी दुकानात ठेवून घ्यायला हवं होतं म्हणे. मग काळा गॉगल, डोळ्यांत थेंब, आणि केस धुवायचे नाहीत म्हणून चिडचिड. ते सगळं उरकलं, डॉक्टरणीने बरं म्हटलं, आणि दुसऱ्याच दिवशी सकाळी आमच्या मागच्या दारावर टकटक.

"साडी नेस."

मी नेसले. सूप घेतलं. टाकीशेजारी माझ्या ठरलेल्या जागी जाऊन उभी राहिले. बाई समोर आल्या, हात रिकामे. घराण्यातला एकही सोबत नव्हता. त्यांनी गॉगल काढला आणि डाव्या डोळ्यावर तळहात धरला.

मान एकदा इकडे, एकदा तिकडे कलती करून साडी बघितली.

"निळी आहे," मग म्हणाल्या. "अगं, निळी आहे ही." मग उजव्यावर हात, डावा उघडा. "इथे हिरवी." परत डाव्यावर हात. "निळी." असं कितीदा केलं त्यांनी. सुपाच्या काड्या न् काड्या दिसतात म्हणाल्या, टाकीला तडा गेलाय म्हणाल्या, तो खरंच गेला होता आणि ह्यांनी तीनदा सांगूनही त्यांनी मानलं नव्हतं. लांब डोंगराकडे बघितलं, आभाळाकडे बघितलं. "आधी होतं तेच परत दिलं," पुटपुटल्या, "आणि नवीन म्हणतात." पण हसत होत्या.

मग नजर माझ्या तोंडावर आली आणि तिथे थांबली.

"तू म्हातारी कधी झालीस गं?"

"झाले की. तुमच्या तिसऱ्या-चौथ्या कॅमेऱ्यापासूनच सुरुवात आहे."

"म्हणजे माझ्या सगळ्या परीक्षा चुकल्या."

"चुकल्याच म्हणायच्या."

बाईंनी हात बदलला. उजवा डोळा झाकला आणि डाव्याने, त्या गढूळ, पिवळ्या, जुन्या डोळ्याने माझ्याकडे बघितलं. बराच वेळ.

"हं," म्हणाल्या. "इथे आहेस तशीच."

दुसऱ्या डोळ्याची तारीख डॉक्टरणीने दोनदा दिली. बाई दोनदा गेल्या नाहीत. मी आठवण केली तर म्हणाल्या, "घाई काय आहे? डॉक्टरीण म्हणते, थोडं थांबलं तरी चालेल. प्रत्येकाला काम नेमून दिलंय मी. नव्याने ढग बघते, चष्मा लावून पेपर वाचते. जुना तुझ्यासाठी ठेवलाय."

पुढे मुलाने पाथर्डी फाट्याला फ्लॅट घेतला, ह्यांची नोकरी संपली आणि आम्ही निघालो. सामान टेम्पोत चढलं, शिलाई मशीन सगळ्यात शेवटी. बाई फाटकाशी उभ्या होत्या, गॉगल लावून. त्यांना पाया पडलेलं आवडत नसे, म्हणून मी नुसतंच म्हटलं, येते बाई. त्याही नुसत्याच ये म्हणाल्या. टेम्पो सुरू झाला. नाक्याच्या वळणावर मी मागे वळून बघितलं.

बाईंनी गॉगल काढला होता आणि उजव्या डोळ्यावर तळहात धरला होता.